टाकी मागं, भांडं पुढं

पाणी उताराकडं जातं, हे कळायला माणसाला शाळेत जावं लागत नाही. अंगणात बादली लवंडली की लेकरालाही कळतं. पण उभा जन्म बेगम बाजारात मसाल्याची पेढी चालवलेल्या हिम्मतरावांना ते कळत नव्हतं, आणि बरकतपुऱ्यातल्या त्या घरात त्यांना ते सांगायची कुणाची प्राज्ञा नव्हती.

भाऊबिजेची सकाळ होती. दारात गाडी उभी होती आणि त्यांची सून माधवी नाकाला ओढणी बांधून गाडीची फरशी घासत होती. काल तिनं ती दोनदा धुतली होती. फिनेल झालं, लिंबू झालं, कापूर जाळून झाला, तरी वास जाईना. आणि समोर ओसरीवर सासरे आरामखुर्चीत पेपर वाचत बसले होते. चहा पिऊन झाला होता, दुसरा हवा होता, म्हणून रिकामा कप त्यांनी खुर्चीच्या हातावर ठेवून दिला होता. तो कप बघून माधवीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

गाडी म्हणजे साधीसुधी गाडी नव्हे. जुनी बारा सीटची टेम्पो गाडी घेऊन तिच्या सीटा काढल्या होत्या. आत दोन बाकडी, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी आणि संडास. असल्या गाड्यांना कॅम्पर म्हणतात. लोक त्या गोव्याला जायला घेतात. माधवी आणि तिचा नवरा शिवराज यांनी ती घेतली होती फक्त त्या संडासासाठी, आणि तो संडास हवा होता जयवंताबाईंना, म्हणजे माधवीच्या सासूबाईंना.

जयवंताबाईंचं गर्भाशयाचं ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून त्यांना लघवी धरवेना. अर्ध्या अर्ध्या तासाला उठावं लागे. घरात असलं की निभायचं. चार वर्षांपूर्वी त्या भाऊबिजेला उदगीरला भावाकडं निघाल्या, तेव्हा आदल्या दिवसापासून त्यांनी पाणीच तोडलं. वाटेत कुठं उतरा, कुठं आडोसा शोधा, कुणाकुणाला थांबा म्हणा, त्यापेक्षा तहान परवडली असा त्यांचा हिशेब. पोचल्या आणि तापानं फणफणल्या. मूत्रपिंडाला सूज आली होती. आठवडाभर दवाखाना झाला. डॉक्टरांनी बजावलं, पाणी कमी केलंत तर पुढच्या वेळी आमच्याकडं आणूच नका. तेव्हापासून जयवंताबाई काचीगुड्याच्या भाजीबाजारापलीकडं गेल्या नव्हत्या. भाऊबिजेला त्या तबक घेऊन फोनसमोर बसत, पलीकडं धाकटा भाऊ दत्तोबा टोपी घालून पाटावर बसे, आणि त्या फोनला ओवाळत. यंदा दत्तोबाला पाटावरही बसवेना. पायातलं बळ गेलं होतं, खाटेला खिळला होता. मागच्या महिन्यात तो फोनवर म्हणाला होता, "अक्का, फोन पुरे झाला. एकदा ये." बस, त्यावर गाडी घेतली.

गाडीचा आराखडा माधवीनं काढला होता. ती काचीगुड्यात विम्याच्या कचेरीत कारकून होती. आराखडे काढणं तिचं काम नव्हे, पण तिनं डोकं चालवलं होतं. मैल्याची टाकी मागच्या डाव्या कोपऱ्याखाली, आणि भांडं बरोब्बर त्या टाकीच्या वर. टाकलं की सरळ खाली. पाईप नको, वळण नको. गॅरेजवाल्या खाजाभाईंनी तसं भोक पाडलं, भांडंही बसवलं, आणि माधवी चार दिवस लातूरला माहेरी गेली.

ती परत आली तर भांडं पुढं, क्लीनरच्या सीटच्या मागं.

झालं होतं असं, की हिम्मतराव आपले मित्र एकनाथराव यांना घेऊन गॅरेजात गेले होते. एकनाथराव निवृत्त झाल्यापासून लोकांच्या घरांच्या दिशा बघायचे. हिम्मतरावांच्या पेढीवरचा गल्ला त्यांनीच उत्तरेकडं वळवला होता, आणि त्या वर्षी धंदा बरा झाला होता, त्यामुळं एकनाथरावांचा शब्द म्हणजे हिम्मतरावांना काळ्या दगडावरची रेघ. एकनाथरावांनी गाडीच्या मधोमध होकायंत्र ठेवलं आणि कपाळाला हात लावला. संडास नैर्ऋत्येला. नैर्ऋत्य म्हणजे घरधन्याची जागा. घरधन्याच्या जागी संडास म्हणजे घरधन्याच्या डोक्यावर संडास. हलवा तो, वायव्येला न्या. खाजाभाईंनी मागचं भोक पत्रा ठोकून बुजवलं आणि भांडं पुढं नेलं. मागं मोकळ्या झालेल्या जागेत हिम्मतरावांनी स्वतःसाठी पलंग करून घेतला, गादीसकट. टाकी मात्र जड, ती मागंच राहिली. पुढच्या भांड्यापासून मागच्या टाकीपर्यंत गाडीच्या पोटाखालून लांबच्या लांब पाईप गेला. मध्ये चासीचा लोखंडी आडवा दांडा येतो, त्याच्यावरून पाईप उचलून न्यावा लागला. म्हणजे मैल्यानं आधी चढायचं आणि मग उतरायचं.

माधवीनं तेव्हाच आरडाओरडा केला होता. "झालं ते झालं," हिम्मतराव म्हणाले होते. "बघू," शिवराज म्हणाला होता. शिवराज हा सगळ्याला बघू म्हणणारा माणूस. बँकेत तो मोठा अधिकारी होता, घरात वडिलांसमोर शिपाईही नव्हता.

काल पाडव्याला दुपारी सगळे गाडीतून तलावावरच्या टँकबंडपर्यंत फेरी मारून आले. जाताना जयवंताबाई एकदा आत जाऊन आल्या, येताना पुन्हा गेल्या. त्या खूश होत्या. गाडीत संडास, केवढी सोय, असं त्या आतूनच म्हणाल्या. काचीगुडा स्टेशनाजवळ एक रिक्षा आडवी आली, शिवराजनं करकचून ब्रेक दाबला, आणि पाईपात अडकलेलं सगळं पुढं आलं. भांड्यातून उसळून वर आलं. जयवंताबाई नुकत्याच उठल्या होत्या. पाय, लुगड्याचे काठ, फरशी, सगळं भरलं. त्या बारक्या खोक्यात भिंतीला धरून उभ्या राहिल्या आणि दार उघडेनात. माधवीनं बाहेरून हाक मारली तर म्हणाल्या, "नको, येऊ नकोस. तू बघू नकोस."

आणि हिम्मतराव मागच्या पलंगावरून काय म्हणाले? म्हणाले, "दर दहा मिनिटांनी जायचं आणि बादलीभर पाणी ओतायचं, दुसरं काय होणार. ऱ्हातं का काही धड तुमच्या हातात?"

हे वाक्य माधवी काल रात्रभर चावत होती. आता फरशी घासताना तिनं खराटा असा आपटला की दांडा निखळला. तो तसाच टाकून ती हातपाय धुऊन आत गेली, सासूबाईंची तयारी बघायला.

जयवंताबाई तयार होत्या. हिरवं लुगडं, हातात तबक, त्यात कुंकू, सुपारी, नारळ, दत्तोबासाठी नवी टोपी. पण त्यांचे ओठ कोरडे पडले होते आणि बोलताना जीभ टाळूला चिकटत होती.

"आत्याबाई, पाणी प्यालात?"

"पिते की."

माधवीनं खाटेशेजारचा तांब्या बघितला. काल संध्याकाळी तिनं तो स्वतः काठोकाठ भरून ठेवला होता. वरचं फुलपात्र उचललं. तांब्या काठोकाठ भरलेलाच होता.

"काल संध्याकाळपासून?"

"अगं, तहान नाही लागली." मग सुनेची नजर बघून त्या हळूच म्हणाल्या, "नाही प्याले की होत नाही काही. मी गच्च बसते. तेवढं त्या खोक्यात मला धाडू नकोस, बाई. काल माझ्यापायी सगळी गाडी नासली."

माझ्यापायी. माधवीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते रागाचं होतं. तिनं तांब्या उचलला, ओसरीवर आली आणि हिम्मतरावांच्या मांडीवरच्या पेपरावर तो ठेवला. पाणी हिंदकळून पेपरावर सांडलं.

"अगं, काय हे?"

"पाणी आहे, मामंजी. कालचं."

"मग माझ्या मांडीवर कशाला?"

"आत्याबाईंनी त्यातला एक घोट घेतलेला नाही. मागच्या वेळी याच्यानंच दवाखाना बघितला. तुम्ही बिलं भरलीत, ते तुम्हाला पाठ आहे. कशानं झालं ते नाही."

"तिला तहान कमीच लागते. पहिल्यापासनं."

"कुणी सांगितलं? विचारलंत कधी?"

गाडीखाली वाकून पाईप बघत असलेला शिवराज बाहेर आला. "माधवी, हळू बोल. शेजारी ऐकतायत."

"ऐकू द्या. वासही येतोय त्यांना, आवाज आला तर काय बिघडलं? तुम्ही बघू बघू म्हणत बसा." ती पुन्हा सासऱ्यांकडं वळली. "मामंजी, खाजाभाईंकडं गाडीचं तोंड कुठं होतं?"

"उत्तरेला. एकनाथरावांनी होकायंत्र ठेवूनच—"

"आणि आज कुठं निघालोय आपण? पटणचेरू, संगारेड्डी, जहीराबाद, बिदर. सगळा रस्ता मावळतीकडं. गाडीचं तोंड पश्चिमेला. आता सांगा, पुढचा डावा कोपरा कोणता?"

हिम्मतरावांना दिशा तोंडपाठ. त्यांनी सवयीनं बोट वर केलं. समोर पश्चिम, डाव्या हाताला दक्षिण. बोट हवेतच राहिलं.

"नैर्ऋत्य," शिवराज हळूच म्हणाला.

"आणि येताना? तोंड पूर्वेला असताना?"

हिम्मतरावांनी बोट खाली घेतलं. येताना ईशान्य. देवाचा कोपरा.

"जाताना घरधन्याच्या डोक्यावर आणि येताना देवाच्या," माधवी म्हणाली. "गाडी आहे ती, मामंजी. तिला चाकं आहेत. ती वळते. दर चौकात तुमची वास्तू बदलते. आणि तेवढ्यासाठी माझ्या सासूला तुम्ही गुवात उभं केलंत, आणि वर तिलाच बोललात."

सासऱ्यासमोर सून असं बोलत नाही. त्या घरात तरी कधी बोलली नव्हती. हिम्मतरावांचा चेहरा लालबुंद झाला. ते तांब्या बाजूला ठेवून उठले. "तू मला अक्कल शिकवू नकोस. तुझा बाप असा—"

"मी बापाचं बोलत नाही. मी पाण्याचं बोलते. पाणी चढत नाही."

दारात जयवंताबाई येऊन उभ्या होत्या. तबक हातातच होतं. हिम्मतरावांना त्या दिसल्या आणि जिंकायची एक वाट सापडल्यासारखं ते त्यांच्याकडं वळले. "तूच सांग गं हिला. तुला तहान लागते का?"

"लागते की," जयवंताबाई म्हणाल्या.

"मग पीत का नाहीस?"

"पिऊन जाऊ कुठं?"

चिडून म्हणाल्या नाहीत. साखर कुठं आहे विचारावं तसं विचारलं. हिम्मतराव खाली पडलेला ओला पेपर उचलायला वाकले. 

"गाडी काढा," माधवी शिवराजला म्हणाली. "खाजाभाईंकडं. आत्याबाईंना घ्या, तिथूनच पुढं जाऊ. मामंजी, तुम्हीही चला."

दिवाळीमुळं खाजाभाईंची निम्मी पोरं सुटीवर होती. ते स्वतः चहा पीत बसले होते. गाडीचं दार उघडताच त्यांनी मान मागं घेतली. "क्या हुआ अम्मा?"

"तुम्हीच सांगा काय झालं. असा पाईप बसवतात? वर चढवून?"

"साब बोले तो बिठाए. चल जाता समझे."

"चल जाता समझे," माधवीनं त्यांच्याच सुरात म्हटलं. "घरी स्वतःच्या मोरीचा पाईप असा चढवून बसवा आणि मग समजा. मागचा पत्रा काढा. भांडं मागं घ्या. आत्ताच्या आत्ता."

खाजाभाईंनी हिम्मतरावांकडं बघितलं. भांडं पुढं नेण्याचे पैसे त्यांनी दिले होते, हुकूमही त्यांचाच होता. हिम्मतराव रुमाल नाकाला लावून लांब उभे होते. ते हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. फक्त म्हणाले, "पण मागं माझा पलंग आहे."

"तो काढायचा," माधवी म्हणाली.

काम अवघड नव्हतं. जुनं भोक पत्र्याखाली होतंच, टाकीचं तोंड त्याच्या खालीच होतं. अवघड होता तो लांब पाईप, कारण तो भरलेला होता आणि तो सोडताना कुणीतरी खाली बादली धरायला हवी होती. शिवराज वाकला, त्याला उमासा आला, तो भिंतीकडं पळाला. खाजाभाईंच्या हातात पाना होता. माधवीनं बादली उचलली. मग ती थांबली, चालत हिम्मतरावांपर्यंत गेली आणि बादलीची कडी त्यांच्या हातात दिली.

"धरा."

"मी?"

"काल कुणी धुतलं, विचारलंत का? मीच धुतलं. आज तुम्ही धरा."

हिम्मतरावांच्या घरात संडासाचा ब्रश कुठं टांगलेला असतो हे पुरुषांना माहीत नव्हतं. वडील, काका, ते स्वतः, कुणालाच नाही. त्यांनी बादलीकडं बघितलं, सुनेकडं बघितलं. गाडीच्या पायरीवर जयवंताबाई बसल्या होत्या, त्यांच्याकडं बघितलं. मग रुमाल खिशात घातला आणि गाडीखाली वाकले. पाईप सुटला. बादली भरली, बाहीवरही उडालं. त्यांनी बादली सोडली नाही.  माधवीला वाटलं होतं आपल्याला बरं वाटेल. तसं काही झालं नाही. राग होता तिथंच होता, फक्त आता त्याच्यावर ओरडावंसं वाटत नव्हतं.

पलंग निघाला. भांडं आपल्या जागी, टाकीच्या डोक्यावर बसलं. भोवती भिंत उभारायला वेळ नव्हता, म्हणून दोरी बांधून जाड चादर पडद्यासारखी टांगली. माधवीनं आत बादलीभर पाणी ओतलं. गडगड आवाज करत ते सरळ खाली गेलं. पुढं एकच जागा मोकळी राहिली होती, क्लीनरची, त्यावर हिम्मतराव कपडे बदलून जाऊन बसले.

निघायला दुपार झाली. शहर मागं पडलं तशी माधवीनं सासूबाईंसमोर तांब्या धरला. त्यांनी फुलपात्रात दोन घोट घेतले आणि परत दिलं. अजून विश्वास नव्हता. कुठून असणार? संगारेड्डीनंतरच्या सदाशिवपेठ गावापुढं त्या चुळबुळ करायला लागल्या, उठल्या, पडद्यामागं गेल्या.  शिवराजनं वेग कमी केला, आणि तेवढ्यात रस्त्यावर म्हशींचा कळप आला. ब्रेक दाबावाच लागला. गाडी जोरात थांबली. माधवीनं बाकड्याची कड गच्च धरली.

पडद्यामागून काहीच आवाज नाही.

मग पाणी ओतल्याचा आवाज आला आणि जयवंताबाई पदर सावरत बाहेर आल्या. लुगड्याचे काठ कोरडे होते. त्या बाकड्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "माधवी, तांब्या दे गं."

त्या घटाघटा प्याल्या. फुलपात्र नको म्हणाल्या, तांब्यानंच प्याल्या. पाणी हनुवटीवरून गळ्यापर्यंत आलं, तरी थांबल्या नाहीत. पुढच्या सीटवर हिम्मतराव मान वळवून बघत होते. तांब्या रिकामा झाला. हिम्मतरावांनी पायाशी ठेवलेली पाण्याची बाटली मागं दिली.

बिदर येईपर्यंत त्या आणखी तीनदा पडद्यामागं गेल्या. शेवटच्या वेळी तर कुणाला सांगितलंही नाही.

उदगीरला पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. दत्तोबा खाटेवर उशांना टेकून बसला होता. पूर्वी अक्का एस.टी.नं यायची तेव्हा तो स्टँडवर तांब्या घेऊन उभा असायचा. बसच्या दारातच तिच्या हातात द्यायचा, मग पिशव्या घ्यायचा. अक्का वाटेत पीत नाही, तहानेनं सुकून येते, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. कुणी सांगितलं नव्हतं, त्यानं बघितलं होतं. आज त्याला उठवत नव्हतं, म्हणून खाटेशेजारी स्टुलावर त्यानं तांब्या भरून ठेवायला लावला होता, आणि त्याचं लक्ष दाराकडं होतं.

जयवंताबाई आत आल्या. त्यांच्यामागं हिम्मतराव नारळाची पिशवी घेऊन. दत्तोबानं तांब्या उचलला.

"आधी पाणी पी, अक्का. मग बाकीचं."

"नको रे दत्तोबा," जयवंताबाई म्हणाल्या. "पिऊन आले मी."

दत्तोबा बघतच राहिला. तांब्या तसाच हातात. मग त्यानं बहिणीच्या मागं उभ्या असलेल्या हिम्मतरावांकडं बघितलं, या माणसानं एवढ्या वर्षांत पहिल्यांदा काहीतरी केलं असं समजून, आणि म्हणाला, "दाजी, बरं केलंत."

माधवी दारात होती. तिला सगळं सांगता आलं असतं. हिम्मतरावांनी खाली मान घालून पिशवी खाटेवर ठेवली.

"मी नाही," ते म्हणाले. "हिनं." आणि त्यांनी हातानं सुनेकडं दाखवलं.

जयवंताबाईंनी तबकातलं निरांजन लावलं.